रोज अभ्यास घेणाऱ्या पालकांच्याच मुलांना गुण कमी? (लघुप्रबंधासाठी मदत हवी आहे)

चोपड्याचा मास्तर

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला आठवी-नववीचं गणित शिकवतो. सोबत एम.एड. चालू आहे. लघुप्रबंधाला विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून: पालकांचा सहभाग आणि विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक (म्हणजे गुण) यांचा सहसंबंध.

निकाल लागला की आमच्या स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य असतं, "पालकच लक्ष देत नाहीत." म्हटलं, एकदा आकड्यांत बघूच. प्रश्नावली केली. पालक सभेला येता का, वह्या बघता का, रोज अभ्यास घेता का, शिक्षकांशी बोलणं होतं का, पोराला-पोरीला कुठवर शिकवायचं ठरवलंय, वगैरे. उत्तरं 'नेहमी, कधीकधी, कधीच नाही' अशी. दोन्ही वर्गांच्या पालकांकडून भरून घेतली आणि प्रथम सत्राच्या गुणांशी लावून पाहिली.

आता गंमत बघा. 'कुठवर शिकवायचं' याचा गुणांशी चांगला धन सहसंबंध येतो, म्हणजे एक जास्त तिथे दुसरंही जास्त. सभेला येण्याचा किंचित धन. आणि 'रोज अभ्यास घेतो' याचा चक्क ऋण, म्हणजे उलटा! एक्सेलमध्ये कोडिंग उलटं पडलं नाही ना तेही तपासलं, तसं काही नाही. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पालकांनी अभ्यास घेऊ नये असा निष्कर्ष लिहून आणाल, तर तोंडी परीक्षेला सोलून काढतील."

दुसरी अडचण. निम्म्याहून जास्त पालक शेतमजूर, बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नाही. मी प्रश्न वाचतो आणि खूण करतो. एक आई हसत म्हणाली, "आम्हले काय समजस गुरुजी, तुम्हीच देखा." पुढचाच प्रश्न वह्या बघता का, तर लगेच "हा, रोज." आता यावर मी काय खूण करू?

जाणकारांनी दोन्हीवर सांगावं.

आकडेमोड

सर, तुमचा आकडा बरोबर आहे, फक्त तो उलटीकडून वाचा. अभ्यास घेतला म्हणून मूल मागे पडलं असं नाही. मूल मागे पडलं म्हणून घरच्यांनी अभ्यास घ्यायला सुरुवात केली. जो पोरगा आपोआप सोडवतो त्याच्या शेजारी कोण कशाला बसेल? सहसंबंधातून कार्यकारणभाव निघत नाही हे आपण सगळेच पेपरात लिहितो, पण स्वतःचा तक्ता समोर आला की विसरतो.

हे तुमच्याच गावात घडलंय असंही नाही. हिल आणि टायसन या अमेरिकी संशोधिकांनी २००९ साली 'मिडल स्कूल'च्या (साधारण सहावी ते आठवी) मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. सर्वांत ठळक संबंध निघाला तो शिक्षणाचं महत्त्व घरात बोलणं, मुलाकडून अपेक्षा ठेवणं, पुढच्या वाटेची चर्चा करणं याचा. शाळेत येण्या-जाण्याचा त्याहून कमी. गृहपाठात मदत करण्याचा मात्र धन नव्हता. तुमचे तिन्ही आकडे त्याच ओळीत आहेत, म्हणजे घाबरायचं कारण नाही.

उपाय: याच मुलांचे मागच्या वर्षीचे गुण नोंदपत्रकातून काढा आणि आंशिक सहसंबंध लावा. आधीचे गुण स्थिर धरल्यावर ऋण आकडा शून्याकडे सरकला, तर खुलासा हातात आला. नाही सरकला तर इथे परत या, मग खरी मजा.

यावलची आई

मी शिक्षिका नाही, पण रोज अभ्यास घेणाऱ्यांतली आहे म्हणून लिहिते. माझी मोठी मुलगी दहावीपर्यंत एकटी शिकली, तिच्या वहीला मी हात लावला नाही. धाकटा सातवीत आहे, भागाकार आला की रडतो. त्याला घेऊन रोज संध्याकाळी ओट्यावर बसते. भागाकाराची मांडणी मला माझ्या शाळेतली येते, त्यांचे सर वेगळी शिकवतात. मी म्हणते असं कर, तो म्हणतो सरांनी तसं नाही सांगितलं. मग आवाज चढतो, पाटी बाजूला आणि तो आजीच्या पदराआड. तुमच्या प्रश्नावलीत मी 'नेहमी' वरच खूण केली असती.

आकडेमोड

ताई, तुम्ही लिहिलंत त्यावरही काम झालंय. शिकागोच्या संशोधकांनी २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांवर पाहिलं होतं. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे त्यांनी वारंवार गृहपाठ घेतला, तर मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. धास्ती असूनही जे फारसे मधे पडले नाहीत त्यांच्या मुलांचं तसं झालं नाही. (तुम्हाला धास्ती आहे असं मी म्हणत नाही हं!) तेव्हा सर, 'अभ्यास घेता का' याचे दोन प्रश्न करा: शेजारी बसता का, आणि स्वतः शिकवता का.

निवृत्त हेडमास्तर, अमळनेर

मास्तर, आकडे बाजूला ठेवा आणि हजेरीपट काढा. प्रथम सत्र म्हणजे दिवाळीच्या आधी. बागायती कापसाची वेचणी तेव्हा ऐन भरात असते आणि मजुरी किलोवर मिळते. किलोवर मजुरी म्हटल्यावर घरातले जितके हात तितके पैसे. आठवीतलं पोर झोळी बांधून सरीत उतरतंच. अशा वेळी जो बाप पोराला म्हणतो "तू शाळेत जा, आम्ही वेचतो," तो मोठा पालक सहभाग. तो बाप सभेला येणार नाही, वही त्याला वाचता येणार नाही आणि तुमच्या कागदावर त्याला शून्य मिळेल. तेव्हा ऑक्टोबरची हजेरी हे चल (व्हेरिएबल) म्हणून घाला.

आणि पालक सभेचं मला कौतुक सांगू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या. कागदावर त्या असतातच. सही करून चहा घेऊन जाणाऱ्या आयाही मी पाहिल्या आणि शौचालयाच्या दाराला कडी नाही म्हणून मला धारेवर धरणारीही. दोघींना तुम्ही एकच खूण देणार का?

चोपड्याचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. काकांचं हजेरीचं लगेच पटलं, आजच नोंदी काढतो. आकडेमोड, नववीवाल्यांचे मागचे गुण आमच्याच दप्तरात आहेत. आठवीची निम्मी मुलं जिल्हा परिषद शाळेतून आलीत, तिथल्या गुरुजींना विनंती करावी लागेल.

"हा, रोज" चं काय करायचं ते राहिलं.

धुळ्याहून

समोर गुरुजी बसलेत म्हटल्यावर कोण "कधीच नाही" म्हणेल? 'नेहमी, कधीकधी' हे पर्यायच काढून टाका. घडलेलं विचारा. शेवटचं दप्तर कधी उघडलं, काय सापडलं? एका आईने मला सांगितलं होतं, "वहीच्या मधल्या पानावर लाल गोल होता, मी विचारलं हा काय, तर म्हणे चुकलं." तिला अक्षर येत नव्हतं, पण तिने वही पाहिली होती. आणि तेच प्रश्न मुलाला वेगळं बसवून विचारा. दोघांची उत्तरं जुळली तरच गुण द्या.

तिकडच्या बोलीत, अहिराणीतच विचारा: "कालदिन पोऱ्याले शायानं काय इचारं?" (काल पोराला शाळेचं काय विचारलं?) शुद्ध मराठीत विचारलं की शुद्ध मराठीतलं उत्तर मिळतं.

निवृत्त हेडमास्तर, अमळनेर

आणखी एक. शाळेत बोलावू नका, घरी जा, आणि बाजाराच्या दिवशी जा. त्या दिवशी मजूर कामावर जात नाहीत, सकाळी दोघंही घरी सापडतील. दुपारनंतर मात्र बाजारात गेलेले असतात.