कॅफेच्या भिंतीवर लग्नचौक काढावा का?

नमस्कार मंडळी, वारली चित्रकलेतल्या जाणकारांची मदत हवी आहे. एका कॅफेची भिंत रंगवायचं काम मिळालंय. मालकांना मधोमध पालघाट देवीचा लग्नचौकच (लग्नात भिंतीवर काढतात ते देवीचं चौकोनी चित्र) हवाय, 'उठून दिसतो' म्हणून. (तारपा नाच, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच सुचवला, तर म्हणे तो सगळीकडेच असतो. तेही खरंच!) पण हा चौक लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणी म्हणून देवीला बोलावते. मी वारली नाही, कार्यशाळेत शिकलेय. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला विधीबाहेर, कागदावर आणली. पण ती त्यांच्या घरचीच होती. मी अ‍ॅक्रिलिकने देवी काढली, तर पाड्यावरच्या लोकांना खटकेल का? डहाणू-जव्हारकडचं कुणी आहे का इथे? आगाऊ पैसे घेऊन बसलेय, सोमवारी स्केच द्यायचंय.