सासूबाईंच्या आयरिश आजोबांचं गाव कसं शोधावं?

मृण्मयी_एम

मंडळी, माझं सासर अमेरिकन, मूळचं आयरिश. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आणि आता एकच ध्यास घेतलाय: आजोबांचं आयर्लंडमधलं गाव कोणतं? "तुला जुन्या कागदांची आवड आहे" म्हणत सगळ्यांनी हे काम माझ्या गळ्यात मारलंय.

हाताशी आहे ते असं. नाव जॉन सलिव्हन. मोंटानात ब्यूटला तांब्याच्या खाणीत होते. सासूबाई जन्मायच्या आधीच गेले. घरातली गोष्ट अशी की दुष्काळात देश सोडला, एलिस आयलंडला (न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी-केंद्र) उतरले आणि तिथल्या अधिकाऱ्याने ओ'सलिव्हनमधला 'ओ' छाटला. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत कुटुंब सापडलं: जन्म मार्च १८६१, अमेरिकेत आले १८८१, जन्मस्थळ नुसतंच 'आयर्लंड'. बायकोही तिकडचीच. थोरली मुलगी मिशिगनची, बाकीची मुलं मोंटानातली. एलिस आयलंडच्या याद्यांत इतके जॉन सलिव्हन निघाले की मी लॅपटॉप मिटून भांडी घासायला गेले.

आता थेट आयर्लंडमधल्या चर्चना लिहू का?

जुना_बस्ता

ताई, इतक्यात नका लिहू. काउंटी (जिल्हा) आणि पॅरिश (एका चर्चचा विभाग) माहीत नसताना सलिव्हन शोधणं व्यर्थ आहे. आयर्लंडमध्ये टाउनलँडच (जमिनीचे सगळ्यात छोटे विभाग) साठ हजारांच्या वर आहेत.

आधी घरातली गोष्ट बाजूला ठेवा. मोठा दुष्काळ १८४५ ते १८५२ चा, एलिस आयलंड उघडलं १ जानेवारी १८९२ ला. तुमचे जॉन आले १८८१ मध्ये. म्हणजे दोन्हींशी त्यांचा संबंध नाही. न्यूयॉर्कला उतरले असतील तर कॅसल गार्डनला (तिथलं आधीचं केंद्र, १८५५ ते १८९०), नाहीतर बॉस्टनला किंवा कॅनडामार्गे. 'ओ' छाटणारा अधिकारी तर जवळजवळ प्रत्येक आयरिश घरात भेटतो! नावं जहाज निघायच्या बंदरातच यादीत चढत, इकडचा माणूस ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारी. 'ओ' त्याच्या कितीतरी आधी, आयर्लंडमध्येच गळला होता. तेव्हा नुसतं 'सलिव्हन' शोधा.

तुम्ही एका वाक्यात उरकलेली मिशिगनची मुलगी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मिशिगनच्या उत्तर टोकाला किविनॉ द्वीपकल्प आहे. हॅनकॉक, हॉटन ही तिथली तांब्याची गावं. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, काउंटी कॉर्कच्या अगदी टोकाला बेरा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे अ‍ॅलिहीजला १८१० च्या दशकापासून तांब्याच्या खाणी होत्या, त्या १८८० च्या दशकात बंद पडल्या. तिथले खाणकामगार आधी मिशिगनला आणि मग ब्यूटला गेले, आणि एकामागून एक भाऊ, मेहुणे, शेजारी बोलावून घेतले. ब्यूटमध्ये सलिव्हन आणि हॅरिंग्टन उदंड झाले ते यामुळेच. मुलगी मिशिगनमध्ये नेमकी कुठे जन्मली ते काढा. हॅनकॉक-हॉटनचा भाग निघाला तर मी बेरावर पैज लावायला तयार आहे.

त्यासाठी आधी अमेरिकेतले कागद संपवा. जॉनचा मृत्यूदाखला (आई-वडिलांची नावं असतात, पण सांगणारा अमेरिकेत जन्मलेला मुलगा असला तर जपून), ब्यूटच्या वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी, लग्नाची चर्चमधली नोंद, थडग्यावरचा मजकूर. नागरिकत्वाच्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. १९०६ च्या आधी ते कुठल्याही कोर्टात होई आणि बहुतेकदा 'व्हिक्टोरिया राणीवरची निष्ठा सोडली' याहून जास्त काही लिहीत नसत. जॉनवर अडलात तर त्यांचे भाऊ-बहीण, बायकोचं माहेर, १९०० च्या पानावरचे शेजारी, सगळे तपासा. आपल्या माणसाने काही लिहून ठेवलेलं नसतं, त्याच्या मेहुणीच्या मृत्यूलेखात मात्र गावाचं नाव छापलेलं असतं.

डबल_हेलिक्स

डीएनए चाचणी करणार असाल तर सासूबाईंची करा, मुलांची नको. त्यांच्याकडे आजोबांचा साधारण पाव हिस्सा आहे, तुमच्या मुलांकडे सरासरीने सोळावा. अजून एक: बेरातली घराणी शतकानुशतकं आपापसात लग्न करत आली. चाचणीत जुळलेल्या नातेवाइकांच्या यादीतला 'चौथा चुलत' प्रत्यक्षात तीन बाजूंनी सहावा निघतो. नात्याच्या अंदाजावर विसंबू नका.

मृण्मयी_एम

जुना_बस्ता, थोरलीच्या लग्नाच्या नोंदीत जन्मगाव हॅनकॉक! आणि जॉनच्या मृत्यूच्या बातमीत 'कॅसलटाउन, काउंटी कॉर्कचे मूळ रहिवासी' असं लिहिलंय. पण कॅसलटाउन नावाची गावं पोत्याने आहेत. कॉर्कच्या धर्मप्रांताची यादी उघडली तर त्यात बेरा नाहीच.

जुना_बस्ता

नसणारच! बेरा काउंटी कॉर्कमध्ये असलं तरी कॅथलिक धर्मप्रांत शेजारच्या केरीचा. इथे भलेभले अडकतात. तुमचं कॅसलटाउन म्हणजे कॅसलटाउनबेअर. अ‍ॅलिहीज आणि आयरीज हे शेजारचे पॅरिशही बघा, कारण परदेशी गेलेला माणूस जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो.

जन्माची सरकारी नोंदणी सर्वांसाठी १८६४ पासून सुरू झाली, त्यामुळे जॉनचा जन्म तिथे मिळणार नाही; धाकट्या भावंडांचा मिळेल. जॉनसाठी बाप्तिस्म्याच्या वह्या. त्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट खुली केली आहेत. नंतर १९०१ ची जनगणना बघा, मागे राहिलेलं कोणी दिसेल. त्याआधीची म्हणाल तर काही १९२२ च्या डब्लिनमधल्या आगीत गेली, काही सरकारनेच नष्ट केली.

आणि सलिव्हनांचा गोंधळ बेरातल्या लोकांनाही होताच. गावात पाटलांची वीस घरं असली की 'वाड्यावरचे', 'विहिरीजवळचे' म्हणतात ना, तसं तिथे प्रत्येक शाखेला टोपणनाव असे. ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात (१८४७–१८६४) एकाच नावाच्या दोघांपुढे कंसात बापाचं नाव किंवा असं टोपणनाव दिसतं. ते आधी टिपून घ्या.

मृण्मयी_एम

वह्यांत दोन जॉन सापडले. एक मार्च १८६१, बाप डार्बी. दुसरा नोव्हेंबर १८५९, बाप मायकेल. पण ब्यूटच्या घरातला थोरला मुलगा जेरमाया. आयरिश लोक पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात असं वाचलं होतं. मग दोघेही बाद का?

आयलीनची_सून

अहो, डार्बी म्हणजेच जेरमाया! मन्स्टरात (आयर्लंडच्या दक्षिणेकडचा प्रांत) दोन्ही नावं एकाच माणसाला चालायची, डायरमड या आयरिश नावाच्या जागी. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचं एका कागदावर हे आणि दुसऱ्यावर ते आहे. अशीच ब्रिजेट कागदोपत्री डेलिया होते.

जुना_बस्ता

डार्बीचं पारडं जड आहे, पण अजून शिक्का मारू नका. महिना जुळला म्हणून भुलू नका, जनगणनेत लोक वय आणि महिना अंदाजाने सांगत, आणि नावं ठेवायची ती प्रथाही सगळे पाळत नसत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता आणि धर्ममाता असतात, बहुधा नात्यातलेच. ती दोन नावं आणि डार्बीच्या बायकोचं माहेरचं आडनाव इथे लिहा. त्या आडनावाचे लोक १८८० च्या जनगणनेत हॅनकॉकला आहेत का, ते मी आज रात्री बघतो.