आपली बास्केटबॉल टीम यंदा का हरली? खेळलेल्यांनी, पाहिलेल्यांनी लिहा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत यंदा आपल्या पोरांनी तीन क्वार्टर तोडीस तोड खेळून शेवटच्या 10 मिनिटांत सामने घालवले. 'उंची कमी पडली' असं सोलापुरात जो तो म्हणतोय, मला ते पटत नाही. याच कोर्टवर मीही खेळलोय, म्हणून कळकळीने विचारतो. स्वतः अनुभवलं तेवढंच लिहा.

पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेणारा), सध्याची टीम
दादा, उंचीचा प्रश्नच नव्हता. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, की कोर्टची मधली रेषा ओलांडण्यातच आमचे 24 पैकी 8 सेकंद जायचे. उरलेल्या 16 सेकंदांत सेट, म्हणजे ठरवलेली चाल, कधी लावणार? प्रॅक्टिसला आमच्याकडे शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारे 24 सेकंद मोजणारं घड्याळ) नाही, त्यामुळे 24 सेकंद म्हणजे किती हे अंगात मुरलेलंच नाही. बझर वाजायच्या बेतात कुणीतरी कसाही बॉल फेकायचा, रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) त्यांचा, आणि आम्ही वळेपर्यंत पलीकडे लेअप (पळत जाऊन रिंगजवळून टाकलेला बॉल).

बाहेरून शूट करणारा
पट्ट्यांबद्दल कुणी बोलत नाही. थ्री पॉइंटची रेषा 2010 मध्ये 6.25 मीटरवरून 6.75 वर गेली. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर अजून जुनाच पट्टा आहे आणि पाय आपोआप तिथेच जाऊन थांबतात. स्पर्धेत त्याच सवयीने उडी मारली की बूट रेषेच्या आत. बास्केट झाली तरी पॉइंट दोनच. मागे सरकून मारलं की बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण दमलेल्या पायांना तो जड जातो.

मागच्या वर्षीचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा)
डिग्री झाली, नोकरीसाठी पुण्याला आलो. माझ्याबरोबर आणखी तिघे बाहेर पडले. नव्या पोरांना एकमेकांचा खेळ कळायला वेळ तर द्या.

मुलींच्या टीममधून
आमचंही लिहिते. निम्म्या मुली मोहोळ, अक्कलकोटकडून येतात. प्रॅक्टिस संध्याकाळी, आणि घरी दिवेलागणीला पोचायचं. वॉर्मअप झाला, लेअपची रांग झाली, की एकेक जण बॅग उचलून एसटी स्टँडकडे. पाच विरुद्ध पाच खेळायला दहा जणी उरायच्याच नाहीत. मग सामन्यात समोरचीने स्क्रीन लावला, म्हणजे वाटेत उभं राहून आमच्या मुलीला अडवलं, की स्विच करायचं (आपापसांत खेळाडू बदलून घ्यायच्या) की नाही, हे आम्ही तिथेच ओरडून ठरवत होतो. घरच्यांना दोष देत नाही, त्यांची काळजी खरी आहे. वेळ बदलायला हवी.

स्कोअरशीट लिहिणारा
एका क्वार्टरमध्ये टीमचे 4 फाउल झाले की पुढच्या फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट). दमल्यावर आपल्या पोरांचे पाय थांबतात आणि हात पुढे जातात. त्यातून एकट्याचेच 5 फाउल होऊन चांगला खेळाडू बाहेर, तोही नेमका शेवटी. खरं नुकसान तिथे झालं.

टीमचे सर
सगळं वाचलं. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, स्पर्धाही त्याच सुमारास. उघडं कोर्ट, कडेला शेवाळ. ओल्या सिमेंटवर पोरांना पळवायला जीव धजावत नाही. पाणी काढून ऊन पडायची वाट बघेस्तोवर दिवस मावळायचा. दमसास तिथेच कमी पडला. शॉट क्लॉकचं पटलं, येत्या जूनपासून मोबाइलवर 24 चा टायमर लावूनच खेळवीन आणि फ्री थ्रो पळून झाल्यावर घेईन. नवा पट्टा मारायला रंग मागवलाय. मुलींसाठी सकाळची वेळ मागितली आहे, मंजुरी आली की इथेच कळवतो.