श्वासाचा रुग्ण घरात असताना होम करावा का?

मुठाकाठ (धागाकर्ता)
मोठ्या काकांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, रात्री ऑक्सिजन लागतो. घरच्यांनी त्यांच्यासाठी महामृत्युंजय होम ठरवलाय, आणि तोही त्यांच्याच खोलीत. 'होमाचा धूर छातीत गेला की कफ सुटतो' असं कुणीतरी सांगितलंय. माझा होमाला विरोध नाही, या समजुतीला आहे. गोवऱ्या, तूप, समिधा, कापूर, काहीही जाळलं तरी सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघतातच. ज्याची फुप्फुसं आधीच थकली आहेत त्याला दार लावून त्या धुरात बसवणं मला क्रूर वाटतं. होम देवासाठी करा, औषध म्हणून करू नका. तुमचं मत सांगा.

अक्कलकोटवासी
काळजी रास्त आहे, पण 'औषध म्हणून करू नका' हे कशाच्या आधारावर? अथर्ववेदात 'मुञ्चामि त्वा हविषा जीवनाय' असं सूक्तच आहे. या हवीने (आहुतीने) तुला अज्ञात रोगातून आणि राजयक्ष्म्यातून (क्षयातून) सोडवतो, असा त्याचा अर्थ. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले, त्यातल्या दैवव्यपाश्रय (मंत्र, पूजा अशा दैवी उपायांच्या) चिकित्सेत होम येतो. ऋतू पालटताना रोग बळावतात म्हणून चातुर्मास्य यज्ञांना ब्राह्मणग्रंथात भैषज्ययज्ञ, म्हणजे औषधरूप यज्ञ, म्हटलंय. आमच्या घरी रोज अग्निहोत्र असतं. तांब्याचं पात्र, गाईच्या गोवऱ्या, तूप लावलेले चिमूटभर अखंड तांदूळ, सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला दोन-दोन आहुत्या. थोड्या वेळात संपतं. आणि लखनौच्या एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहेच. हवनसामग्रीच्या धुराने तासाभरात खोलीच्या हवेतले जिवाणू 94 टक्क्यांहून जास्त घटले होते.

छातीचा डॉक्टर
तो निबंध मी वाचलाय. त्यात बंद खोलीतल्या हवेतले जिवाणू मोजलेत. त्या खोलीत बसलेल्या माणसाचा दम वाढला की कमी झाला, हे त्यात पाहिलेलंच नाही. सीओपीडीमध्ये दुखणं हवेतल्या जिवाणूंचं नसतं, श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, आणि धूर हेच त्यांना चिथावणारं मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, 24 तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठरवली, आपल्याकडे ती 60 आहे. चुलीपाशी आयुष्य गेलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या बायका हाच आजार घेऊन माझ्याकडे येतात. त्या चुलीतही गोवऱ्याच असतात.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून ठळकपणे सांगतो. काकांच्या खोलीत ऑक्सिजन आहे. ऑक्सिजनजवळ उघडी ज्वाला नको, म्हणजे नकोच. नाकातली नळी, कपडे, पांघरूण क्षणात पेट घेतात. यात श्रद्धेचा प्रश्नच येत नाही.

गोमय
मग भोपाळचं काय? 1984 च्या वायुगळतीत अग्निहोत्र करणारं कुटुंब वाचलं, असं सांगतात.

मुठाकाठ
@गोमय, त्या रात्री घर कारखान्यापासून किती लांब होतं, वारा कुठे वाहत होता, लोक घरात थांबले की रस्त्यावर पळाले, यावर जगणं-मरणं ठरत होतं. अग्निहोत्र न करणारेही अनेक जण वाचले. हजारो माणसं गेली तिथली एका घराची गोष्ट उचलून काकांच्या उशाशी अग्नी ठेवायचा, हे मला पटत नाही.

याज्ञिकी
भिक्षुकी करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रुग्णाने धूर ओढावा असं मृत्युंजयाच्या होमाच्या विधानात मी कुठे वाचलेलं नाही, गुरूंकडूनही ऐकलेलं नाही. आहुती अग्नीला, फळ यजमानाला, ही कल्पना आहे. तिळाची, दूर्वांची, गुळवेलीची आहुती देतो तेव्हा त्या वनस्पतीचा वाफारा देण्याचा हेतू नसतो. प्रत्येक आहुतीला 'इदं न मम' (हे माझं नाही) म्हणून आपण ती सोडून देतो. जे सोडलं ते परत छातीत कसं मागायचं?

पर्यायही शास्त्रातच आहेत. जपाच्या दशांश, म्हणजे दहाव्या भागाइतका, होम करायचा असतो, पण होम करणं शक्य नसेल तर त्याऐवजी जप वाढवावा, असं सांगितलेलं आहे. घरात रुग्ण असेल तर मी स्वतः उदकशांत सुचवतो. कलशातलं पाणी मंत्रांनी अभिमंत्रित करायचं आणि घरभर शिंपडायचं. मंत्रपठण तासन्‌तास चालतं, रुग्ण पलंगावर पडून ऐकू शकतो, आणि धुराचा कणही नाही. होमच हवा असेल तर देवळात किंवा मोकळ्या अंगणात करावा, काकांच्या नावाने संकल्प सोडावा. ते समोर असलेच पाहिजेत असं नाही. काही व्यावसायिक 'धुराने दमा जातो' असं सांगून मोठी रक्कम ठरवतात. त्यांनी आमच्या विद्येची विश्वासार्हता घालवली आहे, याचा मला मनापासून संताप आहे.

दारची तुळस
माझ्या आईच्या केमोच्या काळात आम्ही मृत्युंजयाचा जप ठेवला होता. गाठ जपाने गेली असं मी म्हणणार नाही. पण रात्री तिला झोप लागायची, आणि आम्हा सगळ्यांना हाताशी काही करायला होतं. डॉक्टर, हेही मोजलं जावं असं मला वाटतं.

छातीचा डॉक्टर
@दारची तुळस, अगदी मान्य. झोप लागणं आणि भीती कमी होणं यांची मी रुग्णाला रोज विचारपूस करतो. इनहेलर चालू ठेवून जप करा, माझी काहीच हरकत नाही.

अक्कलकोटवासी
ऑक्सिजनचा मुद्दा बिनशर्त मान्य, त्या खोलीत अग्नी नको. बाकी याज्ञिकींशी मी सहमत नाही. सुश्रुताने जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, कडुनिंब, तूप आणि मीठ यांचा धूप दिवसातून दोनदा सांगितलाय. म्हणजे आपल्याकडे द्रव्याचा धूर हाही उपचार मानलेला आहे, फक्त मंत्र नाही.

याज्ञिकी
तो धूप व्रणासाठी आहे, श्वासाच्या रुग्णासाठी नाही. सुश्रुतालाच प्रमाण मानायचं तर आधी रोग कोणता ते बघू.

मुठाकाठ
घरी उदकशांतीचं बोललो. काकू तयार आहेत, चुलतभाऊ अजून अडून बसलाय. याज्ञिकी, तुम्ही दशांशाचा नियम सांगितलात तो कोणत्या ग्रंथात आहे ते कळवाल का? त्याला छापील दाखवल्याशिवाय तो ऐकणार नाही.