मदत हवी आहे: ट्रान्सपोर्टवाले न सोडवलेलं सामान विकतो म्हणतात

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये बाबांचं नागपूरचं घर आवरून सामान ट्रान्सपोर्टने साताऱ्याला पाठवलं. भाडं बुकिंगलाच भरलंय, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) ‘पेड’ लिहिलंय. माल आला त्याच आठवड्यात बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि सोडवायचं राहून गेलं. चूक आमचीच. पण आता गोडाऊनवाले फोनवर सांगतात, डेमरेज (माल वेळेत न नेल्याचा आकार) भरा, नाहीतर सोमवारी माल विकू. लेखी नोटीस एकही नाही.

कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ चं कलम १५ वाचलं. नोटिशीपासून ३० दिवसांत माल नेला नाही तर तो बेवारस धरता येतो. नाशवंत नसेल तर उचलून नेण्यासाठी आणखी १५ दिवसांची नोटीस, आणि मगच विक्री. भाडं, साठवणूक, विक्रीचा खर्च कापून उरलेले पैसे परत द्यायचे.

अडलंय ते पोटकलम ४ पाशी. भाडं आणि ‘इतर आकार’ थकले तर माल अडवता किंवा विकता येतो, असं तिथे आहे. डेमरेज या ‘इतर आकारां’त धरून ते नोटिशीशिवाय विकू शकतात का? नुसता फोन नोटीस ठरतो का? हरकत लेखी नोंदवून पैसे भरले, तर जादा रक्कम नंतर ग्राहक आयोगात मागता येईल?

त्यात आईचं शिलाई मशीन आहे. आई आता नाही. ते मशीन कुणाला विकलं गेलं तर भरपाई घेऊन काय करू? वाहतुकीच्या किंवा वकिलीच्या कामातल्या कुणी सोमवारच्या आत सांगितलं तर फार उपकार होतील.