फाइल एक्सप्लोरर अडकतो: फॉरमॅटची घाई नको

चाळीसगावच्या झेरॉक्स-डीटीपीवाल्या भाऊंचा प्रश्न असा की फाइल एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फोल्डर-फाइली दिसतात त्या विंडोत, 'धिस पीसी' उघडलं की हिरवी पट्टी सरकत राहते आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. त्यावर फॉरमॅट मारायचा सल्ला आलाय. एवढ्यात नको.

आधी अडकलेलं सोडवा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक करून रीस्टार्ट. टास्कबार क्षणभर गायब होतो, घाबरू नका, वर्डमधलं काम तसंच राहतं. फाइल कॉपी चालू असेल तर ती मात्र तुटेल.

आता मूळ दुखणं. दुसऱ्या काउंटरचा पीसी बंद असला की हे जास्त होतं, असं तुम्हीच लिहिलंय. मेख तिथेच दिसते. त्याचा शेअर फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून मॅप असेल, म्हणजे तुमच्या पीसीत ड्राइव्हसारखा जोडलेला असेल, तर एक्सप्लोरर त्या बंद मशीनच्या उत्तराची वाट बघत बसतो. त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, डिस्कनेक्ट. रोज लागतो? मग डेस्कटॉपवर नुसता शॉर्टकट ठेवा. शिवाय फोल्डर ऑप्शन्सच्या जनरल टॅबमधून हिस्टरी 'क्लिअर' करा, तिथेही जुन्या नेटवर्क फाइली चिकटलेल्या असतात.

लग्नपत्रिकांच्या एकाच फोल्डरला अडकत असेल तर फोल्डर ऑप्शन्सच्याच व्ह्यू टॅबमध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स'वर टिक करा, म्हणजे फाइलींची छोटी चित्रं तयार करत बसणार नाही.

एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र किलोबाइटमध्ये दिसला, तर डिस्कच खराब होत असण्याची शक्यता मोठी. मग डेटा आधी बाहेर काढा, चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, नंतर.