५० हजारात '५६००जी घे, कार्ड मंग टाकजो' हा सल्ला देणं बंद करा बे

मानेवाडा_एक्सप्रेस:
या महिन्यात तिसरा पोट्टा आहे जो मले विचारून राहिला, भाऊ ५० हजार आहेत, गेमिंग पीसी पाहिजे. आणि तिघाईच्या हातात दुकानवाल्यानं तेच कोटेशन देल्लं, रायझन ५ ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर), अन् वर म्हणे ग्राफिक्स कार्ड मंग टाकजो. अरे पण हे 'मंग' येते कधी? माझ्या मावसभावानं २०२२ मधे असंच घेतलं होतं, आजपावेतो स्लॉट रिकामा आहे, झुरळं राहतात तिथं.
जी वाल्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, साध्या ५६०० मधे ३२. नाव सारखं, आतून अर्ध. वरून पीसीआयई, म्हणजे कार्ड जोडायचा रस्ता, ३.० च भेटते, ५६०० ले ४.०. म्हणून म्हणतो साधा ५६०० नाहीतर आय३-१२१००एफ घ्या, सेकंडहँड आरएक्स ६६०० कार्ड टाका, मॉनिटर घरचा जुना चालवा. विषय कट.

खामल्यावरून:
मदरबोर्ड कोणता घेऊन राहिला भाऊ? ५० मधे ए५२० नाहीतर बी४५० च येईन नं. दोन्ही ३.० वालेच, त्याच्यावर तुझा ५६०० बी ३.० वरच धावन. ४.० पाहिजे तर बी५५० घे अन् बजेट फाड. आणि ६६०० आठ लेनची (डेटा जायच्या आठ पट्ट्या) आहे, तिले ३.० वर थोडासाच फटका बसते. रडते ते ६५०० एक्सटी कार्ड, चार लेन अन् चारच जीबी. त्याच्या नादी कोणी लागू नका.

मानेवाडा_एक्सप्रेस:
बोर्डाचं खरं आहे, तोंडावर पडलो. कॅशचं मात्र सोडत नाही.

असाइनमेंट_बाकी_आहे:
मी ५६००जी वालाच. घरी सांगितलं होतं कोडिंगसाठी पाहिजे, आता बिलात ग्राफिक्स कार्ड अशी वेगळी ओळ दिसली असती तर बाबांनी तिथंच विचारलं असतं हे कशासाठी, आणि आमच्या घरी बाबा बिल पूर्ण वाचतात. दीड वर्ष व्हॅलोरंट लो सेटिंगवर खेळलो, काही मेलो नाही, मग इंटर्नशिपच्या पैशात ६६०० टाकली, म्हणजे 'मंग' येतं दादा, तुमच्या मावसभावाला नसेल आलं. आणि एक सांगा, १२१००एफवाल्याचं किंवा साध्या ५६०० वाल्याचं, ज्यांत आतलं ग्राफिक्सच नाही, कार्ड बंद पडलं की स्क्रीनच काळी ना? माझं कार्ड वॉरंटीत गेलं होतं तीन आठवडे, सबमिशन त्याच पीसीवर केलं.

मानेवाडा_एक्सप्रेस:
कार्ड गेल्यावरचा मुद्दा बरोबर आहे. पण तू रॅम दोन काड्या लावल्या असशीन. दुकानवाला एकच ८ जीबीची काडी लावून देते, अन् जी चं ग्राफिक्स त्या रॅममधूनच खाते, एका काडीच्या सिंगल चॅनलवर त्याचा जीवच जाते. आता एआयच्या सर्व्हरांनी रॅमचे भाव असे चढवले की दुसरी काडी 'मंग' वर गेली. कार्ड मंग, काडी मंग, खेळायचं कवा?

नवीनच_बरं:
तुम्ही सेकंडहँड कार्ड असं बोलून राहिले जसं बर्डीवर भाजी मिळते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि खोल्या खोल्या भरून तापलेली कार्डं बाजारात आली, कोणती कुठून आली देव जाणे. नवीन घ्या, बिल घ्या, एक पायरी खालचं घ्या पण तीन वर्षं झोप तरी लागेल.

खामल्यावरून:
मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच असते असं नाही, चिपपेक्षा पंखे अन् थर्मल पॅड आधी जातात. फरमार्क (कार्डावर ताण देणारं सॉफ्टवेअर) २० मिनिटं समोर चालवून घ्यायचं, हॉटस्पॉट म्हणजे चिपचं सगळ्यात गरम ठिकाण पाहायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, स्क्रूवरचं स्टिकर पाहायचं, बिलावरचा सिरियल नंबर कार्डाशी जुळवायचा. चालवून दाखवत नसन तर गाडी वळवायची.

नवतपा_पीडित:
सगळे कॅश कॅश करून राहिले अन् एसएमपीएसबद्दल (पीसीले वीज देणारा डबा) एक शब्द नाही. मी २०२३ च्या मे मधे कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या '५०० वॅट' वर कार्ड चालवत होतो, दुपारी दोनला फट्ट आवाज आला, खोलीभर जळका वास, जाताना बोर्डही घेऊन गेला. दुकानाचं नाव नाही घेत, चूक माझीच, ९०० रुपये वाचवले होते. ६६०० फक्त १३२ वॅटची आहे, चांगला ४५० वॅटवाला भरपूर होते, पण चांगला. आणि ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही त्याचा शिक्का आहे, आतला माल कसा हे तो सांगत नाही, हे बी लोकं उलटंच समजतात.
दुसरं म्हणजे इथं नागपुरात पारा ४५ च्या वर जाते. पंखा हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच ४० वर असन तर प्रोसेसरची सुरुवातच ४० पासून. समोर काच लावलेलं चमचम कॅबिनेट घेऊ नका, जाळीवालं घ्या, दोन पंखे पुढं एक मागं. खोलीत कूलर लावला तर उन्हाळ्यात फायदाच होते, पण कूलरचं तोंड कॅबिनेटकडं नको, आपल्या बोअरच्या पाण्याचे शिंतोडे उडून आत पांढरा थर बसते. सोसला आहे मी.

असाइनमेंट_बाकी_आहे:
हे पटलं. म्हणजे जी मधे कार्ड नाही, उष्णता कमी, अजून एक पॉइंट आम्हाला 😄

नवतपा_पीडित:
गेम बी कमी चालते, तो पॉइंट कोणाले देऊ?

दहावीतल्याची_आई:
मुलाने मला हे वाचायला पाठवलंय, त्याला वाटतं मी तुमचं ऐकेन. निम्मं कळलं नाही पण विचारते, लाईट गेली की काय करायचं? आमच्याकडे संध्याकाळी जाते. आणि हा कॅबिनेट पलंगाखाली ठेवणार म्हणतोय, जागा नाही म्हणून.

खामल्यावरून:
काकू, ६०० व्हीए चा यूपीएस घ्या, त्यावर साधारण ३६० वॅट निघतात, असा पीसी गेममधे २५० च्या आसपास खातो. थोडीच मिनिटं मिळतील, सेव्ह करून बंद करायला पुरे. खेळत राहायला नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

नवतपा_पीडित:
पलंगाखाली अजिबात नको काकू! धूळ अन् गरम हवा दोन्ही तिथंच कोंडते.

दहावीतल्याची_आई:
बरं. आणि कार्ड परीक्षेनंतर घेतलं तर चालेल ना? म्हणजे ते जी वालं आता.

असाइनमेंट_बाकी_आहे:
😂😂 दादा, आता बोला

मानेवाडा_एक्सप्रेस:
काकू तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही जी च घ्या. पण रॅमच्या काड्या दोन.